हीट पंप, विसण आणि सहा महिन्यांची वही

आमच्या घरी आंघोळीच्या गरम पाण्याला अजून ‘ऊन पाणी’च म्हणतात. सासूबाई लग्न होऊन शाहूपुरीत आल्या तेव्हा परड्यात तांब्याचा बंब होता. पुढे गिझर आला आणि २०११ मध्ये गच्चीवर सोलर बसला. २०२५ च्या जूनमध्ये त्या सोलरच्या टाकीला खालून गळती लागली. तसाही तो दोन वर्षांपासून नीट तापत नव्हता, कारण शेजारी नवी इमारत उठली आणि दुपारी दोननंतर आमच्या गच्चीवर सावली पडायला लागली. शिवाय कोल्हापूरचा पावसाळा. जून ते सप्टेंबर सोलरचा उपयोग नाहीच, दोन्ही बाथरूमचे गिझर चालणार आणि बिल वाढणार.

घरात आम्ही सहा माणसं. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत असल्यामुळे त्याची संध्याकाळची आंघोळ चुकत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या अकरा वाजता निवांत कढत पाण्याने आंघोळ करतात. मी, सासरे (आप्पा) आणि दोन मुलं सकाळी साडेसहा ते आठमध्ये आटपतो. हे वेळापत्रक सांगायचं कारण पुढे येईल. सगळं सेटिंग शेवटी त्याच्याभोवतीच फिरलं.

हीट पंपाचं नाव मी पहिल्यांदा पतसंस्थेतल्या सहकाऱ्याकडून ऐकलं. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्यात टाकतो. वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला. त्यामुळे १ युनिट विजेत पाण्याला ३ ते ४ युनिटांएवढी उष्णता मिळू शकते. ऊन लागत नाही, हवा उबदार असली की झालं. कोल्हापूरची हवा पावसाळ्यातही विशीच्या वरच असते, त्यामुळे आमच्यासाठी हे योग्य वाटलं.

तीन दुकानांतून भाव घेतले. २०० लिटरचं यंत्र १ लाख १८ हजाराला ठरलं, पाईप आणि स्टँडचे साडेनऊ हजार वेगळे. एका दुकानात ‘सूर्यघर योजनेतून सबसिडी बसेल’ असं सांगितलं गेलं. तसं नाही. ती योजना छतावर वीज बनवणाऱ्या सोलर पॅनलसाठी आहे, हीट पंप त्यात येत नाही. हे आधी तपासून घ्या, नाहीतर बजेट कोलमडतं.

जागेवरून दोन दिवस चर्चा झाली. दुकानदाराचं म्हणणं होतं की बाथरूमच्या मागच्या बोळात बसवा, पाईप चार मीटरात होईल. ते बरोबर होतं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं, खालच्या खोल्यांत गुडघाभर पाणी होतं आणि फ्रीज, मोटर सगळं गेलं होतं. २०२१ लाही जीव मुठीत धरून बसलो होतो. आप्पा म्हणाले, “खाली काही ठेवायचं न्हाई.” मग गच्चीवरच ठरलं. त्यामुळे खालच्या बाथरूमपर्यंत पाईप १४ मीटर झाला. त्याची किंमत आम्ही रोज पाण्यात मोजतो, पण निर्णयाबद्दल मला शंका नाही.

वायरमनने बिल मागून पाहिलं. मंजूर भार २ किलोवॅट. हीट पंप एकटा पाऊण किलोवॅटच घेतो, पण आत दीड किलोवॅटचा मदतीचा रॉड असतो. दोन्ही एकदम चालले आणि वर इस्त्री लागली तर भार पुरत नाही. महावितरणच्या संकेतस्थळावर भार वाढवायचा अर्ज ७ जुलैला केला. लागलं काय, तर ग्राहक क्रमांक, आधार, घरफाळ्याची पावती आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. रिपोर्टसाठीच चार दिवस गेले. १५ तारखेला कोटेशन आलं, त्याच दिवशी भरलं आणि २४ जुलैला भार ४ किलोवॅट झाल्याचा मेसेज आला. हे यंत्र घरी येण्याआधीच करून घ्या. यंत्र खोक्यात आणि तुम्ही अर्जाच्या रांगेत, असं नको. वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारी), आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारी) आणि चांगलं अर्थिंग याला ३,२०० रुपये लागले. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या यंत्राला अर्थिंगमध्ये काटकसर करू नये.

२ ऑगस्टला, शनिवारी, भर पावसात यंत्र बसलं. मिस्त्रींनी चालू केलं, आकडा ६० वर दाखवला आणि म्हणाले, “वहिनी, आता काही हात लावायचा नाही.” वॉरंटीसाठी सिरियल नंबरचा फोटो, बसवल्याचा अहवाल आणि पाण्याच्या टीडीएसचा, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा मागितला होता. तो अहवाल मिस्त्री जायच्या आत सहीसकट घ्या.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. आकडा लिहिला नाही तर मला चैन पडत नाही. वायरमनकडून ८५० रुपयांचा छोटा सब-मीटर फक्त या यंत्राच्या लाईनवर बसवून घेतला. या सगळ्या खर्चात सर्वांत कामाला आलेली वस्तू हीच. रोज रात्री नऊला रीडिंग, बाहेरचं तापमान, आणि कोणाला पाणी कमी-जास्त गरम लागलं ते, एवढं शंभर पानी वहीत लिहायला सुरुवात केली.

पहिला आठवडा, ३ ते ९ ऑगस्ट, कंपनीच्या सेटिंगवर ठेवला: ६० अंश, हायब्रिड मोड, चोवीस तास चालू. सरासरी आली रोज ३.३ युनिट. दोन्ही गिझरचा माझा अंदाज पाच युनिटांचा होता. म्हणजे एवढे पैसे घालून दोन युनिटही वाचत नव्हते. त्या रविवारी मला खरंच वाईट वाटलं. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण हट्ट माझा होता.

त्याच आठवड्यात जिन्याच्या छताला ओल आली. टाकी गळतेय म्हणून मी घाबरून तक्रार नोंदवली. माणूस यायला नऊ दिवस लागले. आला आणि पाच मिनिटांत म्हणाला, टाकी कोरडी आहे, हे हवेतलं पाणी आहे. थंड कॉईलवर दमट हवा आदळली की एसीसारखं पाणी सुटतं. त्याची नळी बसवताना नुसती स्लॅबवर सोडली होती. मी नळीखाली बाटली ठेवून पाहिलं, ऑगस्टमध्ये दिवसाला दोन लिटरच्या वर पाणी जमायचं. ६० रुपयांची नळी लावून ते पन्हाळीत सोडलं. बसवतानाच ‘ड्रेनची नळी कुठे जाते’ हे बोट दाखवून विचारा. आणि हे पाणी दिसलं तर घाबरू नका. दमट हवेतली वाफ पाणी होताना जी उष्णता सोडते, तीही आपल्याच टाकीत जाते. पावसात सोलर थांबतो पण हा थांबत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

१० ऑगस्टपासून बदल सुरू केले. एका वेळी एकच बदल आणि तो निदान आठवडाभर ठेवायचा, हा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पहिला बदल मोडचा. हायब्रिडमध्ये पाणी लवकर तापावं म्हणून रॉड आपोआप लागतो, आणि रॉड म्हणजे साधा गिझरच. तो बंद करून इको मोड लावला, त्यात नुसता हीट पंप चालतो. टाकी तापायला आता अडीच-तीन तास लागतात, पण रोजचा आकडा २.४ वर आला. एका बटणाने.

दुसरा बदल तापमानाचा, आणि तो मला सासूबाईंनी शिकवला. एक दिवस त्या बाथरूममधून म्हणाल्या, “अगं, एवढं कढत कशाला तापवतीस? अर्धी बारडी विसणच घालालोय मी.” विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. मी वहीवर हिशेब मांडला. अंगावर घेताना पाणी ४१-४२ अंशांच्या आसपास लागतं. ६० पर्यंत तापवायचं आणि मग विसण घालून ४१ वर आणायचं. आंघोळीला लागणारी उष्णता तीच राहते, त्यामुळे गिझरमध्ये याचा फार फरक पडत नाही. हीट पंपाला मात्र पडतो. हवा २४ अंश आणि पाणी ६० अंश, हा चढ जेवढा मोठा तेवढा कॉम्प्रेसरला जोर जास्त लावावा लागतो. शेवटचे आठ-दहा अंश सर्वांत महाग असतात. शिवाय टाकी जेवढी कढत, तेवढी ती रात्रभर उष्णता बाहेर सोडणार.

१७ ऑगस्टला ६० चे ५२ केले. सरासरी २.० युनिट. कोणालाही फरक कळला नाही, फक्त विसण कमी लागलं.

इथे एक काळजीची गोष्ट. साठवलेलं पाणी सतत कोमट ठेवू नये. २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात, ६० अंशांवर ते मरतात. म्हणून ४५ वगैरे ठेवण्याचा मोह मी टाळला. आमच्या यंत्रात आठवड्यातून एकदा पाणी कडक तापवायचं वेगळं सेटिंग आहे, ते रविवारी दुपारी ६२ वर लावलंय. घरात म्हातारी माणसं असतील तर हे बंद करू नका, भले त्या दिवशी पाऊण युनिट जास्त जावो.

२७ ऑगस्टला गणपती, मग गौरी. घरात पाहुणे आणि कामाची धांदल, त्या दिवसांचे आकडे वहीत नाहीत.

सप्टेंबर टायमरमध्ये गेला. चोवीस तास चालू ठेवलं की सकाळी आम्ही पाणी वापरलं रे वापरलं की यंत्र लगेच सुरू व्हायचं, म्हणजे दिवसातल्या सर्वांत गार हवेत. दुपारी एक ते तीन हवा सर्वांत उबदार. त्यात आमच्याकडे स्मार्ट मीटर आहे आणि तो असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला दरात सवलत मिळते. म्हणून टायमर दुपारी १२ ते ४ लावला. आकडा १.८ झाला आणि तिसऱ्याच दिवशी सासूबाईंना अकराला कोमट पाणी मिळालं. त्या काही बोलल्या नाहीत. गुपचूप गॅसवर पातेलं ठेवलेलं मी पाहिलं. ते मला फार लागलं. युनिट वाचवायच्या नादात ज्यांना ऊन पाण्याची सर्वांत गरज, त्यांच्यावरच वेळ आणली होती.

हिशेब चुकला होता तो असा. दुपारी चारला ५२ वर असलेली टाकी संध्याकाळी नवऱ्याची आंघोळ, रात्रीची भांडी, सकाळी चौघं, एवढं पुरवून अकरापर्यंत संपायची. मग टायमरमध्ये दुसरी खिडकी, म्हणजे यंत्र चालायची वेळ, लावली: सकाळी ९ ते साडेदहा. सवलतीच्या वेळेतच बसते आणि हवाही तोवर जरा तापलेली असते. तरीही काही दिवस यंत्र नऊला सुरूच व्हायचं नाही. कारण सापडायला आठवडा गेला. टाकीतला सेन्सर मधोमध असतो. पाणी किती अंशांनी उतरल्यावर पुन्हा सुरू व्हायचं हे एक सेटिंग असतं, ते मी आधी ५ वरून १० केलं होतं, कारण सारखं चालू-बंद होणं कॉम्प्रेसरला चांगलं नसतं. पण १० ठेवलं की सेन्सर ४३-४४ दाखवायचा, यंत्राला वाटायचं अजून पुरेसं आहे. ७ वर आणल्यावर दोन्ही साधलं.

हे सेटिंग मिस्त्रींच्या मेनूत असतं, पासवर्डमागे. मी तो परस्पर शोधून वापरला नाही. कंपनीला मेल केला की अमुक एक आकडा बदलायचा आहे, वॉरंटीला बाधा येईल का. अकरा दिवस आणि दोन आठवणीचे मेल, मग लेखी उत्तर आलं: हा आकडा बदलायला हरकत नाही, यंत्रातला गॅस आणि डिफ्रॉस्ट (कॉईलवरचा बर्फ वितळवणं) यांच्या आकड्यांना हात लावू नका. तो मेल छापून वहीत चिकटवलाय. पुढे काही बिघडलं तर कामाला येईल.

आणखी एक चकवा. सप्टेंबरच्या शेवटी अचानक आकडा वाढून २.३. सेटिंग सगळी जागच्या जागी. शेवटी रात्री एकला पंख्याचा आवाज आला म्हणून गच्चीवर गेले. यंत्राच्या घड्याळात दुपारचे साडेबारा. दिवसा वीज गेली होती आणि घड्याळ शून्यापासून सुरू झालं होतं, त्यामुळे ‘दुपार’ मध्यरात्री होत होती. कंट्रोलरमध्ये बटन सेलची जागा असते, सेल बसवलेलाच नव्हता. ४० रुपयांचा सेल मिस्त्रींकडून बसवून घेतला. ज्या यंत्रात सेल नसेल त्यांनी वीज आली की घड्याळ पाहायची सवय लावावी.

त्यानंतरचा बदल सेटिंगचा नव्हता, पण वहीतल्या मोठ्या फरकांपैकी एक तोच. यंत्र पावसात भिजू नये म्हणून आम्ही कोपऱ्यात पत्र्याखाली बसवायला लावलं होतं. मागे भिंत जेमतेम चार इंचांवर. हीट पंप उष्णता काढून घेतलेली गार हवा बाहेर फेकतो. ती कोपऱ्यात अडकली की पुन्हा तीच आत ओढली जाते. साधा थर्मामीटर घेऊन पाहिलं तर गच्चीवर हवा २६ आणि यंत्र ओढत होतं ती २०. ४ ऑक्टोबरला स्टँड दीड फूट पुढे ओढला आणि बाजूचा पत्रा काढला. मजुरी १,२०० रुपये. दुसऱ्या आठवड्यापासून आकडा १.५. यंत्र बाहेरच राहण्यासाठी बनवलेलं असतं, त्याला छपरापेक्षा मोकळी हवा जास्त हवी.

पाईपचं सांगते. १४ मीटर पाऊण इंची पाईपात चारेक लिटर पाणी मावतं. म्हणजे खालचा नळ सोडला की आधी तेवढं गार पाणी येणार. काळं रबरी फोमचं आवरण घातलं, मीटरला ७० रुपये, वरून उन्हासाठी ॲल्युमिनियमची टेप. त्याने पहिलं गार पाणी थांबत नाही, पण एकामागून एक आंघोळी झाल्या तर मधल्या वेळात पाईप निवत नाही. म्हणून आता सकाळचे चौघं सलग आटपतो. पहिलं गार पाणी बादलीत धरून झाडांना किंवा विसणाला.

मग दिवाळी. २० ऑक्टोबरला नरक चतुर्दशी. नणंद तिघांना घेऊन आलेली, म्हणजे दहा माणसं आणि सगळ्यांना पहाटे चार ते सहात अभ्यंगस्नान. मला आदल्या दिवशी झोप नव्हती. १९ ला दुपारी तापमान ६० केलं आणि रात्री २ ते ५ अशी एक जादा खिडकी लावली. इथे ६० ला अर्थ होता: पाणी जेवढं कढत तेवढं विसण जास्त, म्हणजे तेवढीच टाकी जास्त माणसांना पुरते. उटणं लावून, कारीट फोडून शेवटचा भाचा न्हाला तेव्हा साडेसहा झाले होते आणि सेन्सर ४४ दाखवत होता. त्या दिवशी ३.१ युनिट गेले. जाऊ देत, दिवाळी होती. भाऊबीज झाली की सेटिंग परत ५२ वर आणलं. हे विसरू नका, सणाचं सेटिंग महिनाभर तसंच राहतं आणि बिल आल्यावर आठवतं.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा १५ पर्यंत उतरते, टाकीत येणारं पाणीही गार. ५४ केलं, दुपारची खिडकी पाचपर्यंत वाढवली. सरासरी १.९ ते २.०. फेब्रुवारीत पुन्हा ५२.

पैशांचं स्पष्ट लिहिते. आमच्या बिलात वरचा टप्पा, वहन आकार आणि वीज शुल्क धरून शेवटचं युनिट १३ रुपयांच्या आसपास पडतं. गिझरच्या पाचऐवजी दीड युनिट धरलं तर महिन्याला साधारण १,३०० ते १,४०० वाचतात. सगळा खर्च १ लाख ३५ हजारांच्या घरात गेला. म्हणजे वसूल व्हायला आठ वर्षं. ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे आणि सोलर धड चालतोय, त्यांनी तो काढून हे बसवू नये. पावसाळ्यापुरता गिझर परवडतो. आमच्याकडे ऊनच राहिलं नव्हतं.

टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, गंज टाकीऐवजी तो स्वतःवर घेतो आणि हळूहळू झिजतो. त्याची तपासणी वर्षाने करायची असते. कॅलेंडरवर २ ऑगस्टला लाल पेनाने खूण केली आहे, आणि पाऊस असला तर ताडपत्री धरायला कोण, हेही लिहून ठेवलंय.